पंडिता रमाबाई : पोरकेपणाची वाटचाल

गेल्या वर्षी आमच्या वर्गातल्या एका मित्राचे वडील अचानक वारले. महिनाभराने तो कॉलेजात परत आला तेव्हा आम्ही त्याच्याशी क्रिकेटवर बोललो, परीक्षेवर बोललो. वडिलांविषयी मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. विषय टाळला म्हणजे त्याचे दुःख हलके होईल, अशी आमची समजूत! तो मात्र डब्याला हात लावीत नसे आणि दिवसेंदिवस वाळत चालला होता. त्याच सुमारास ग्रंथालयात पंडिता रमाबाईंचे चरित्र हाती पडले. विदुषी, शारदा सदनाच्या संस्थापिका एवढीच त्यांची ओळख होती. त्या आपल्याच वयाच्या असताना काय सोसून उभ्या राहिल्या, हे तेव्हा कळले.

रमेचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीतील गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. बायकोला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला होता. त्याच आईकडून, लक्ष्मीबाईंकडून, रमेने हजारो श्लोक मुखोद्गत केले. घर असे नव्हतेच. तीर्थामागून तीर्थ करायचे, पुराण सांगायचे आणि मिळेल त्या दक्षिणेवर जगायचे, असा त्या कुटुंबाचा संसार होता.

1874 च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला आणि दक्षिणा आटली. किडूकमिडूक विकून झाले. अकरा दिवस सारे कुटुंब रानात पाणी आणि पाला खाऊन राहिले. आधी वडील गेले. त्यांचा देह धोतरात गुंडाळून थोरल्या श्रीनिवासाने सुमारे दोन मैल एकट्याने वाहून नेला. थोड्याच आठवड्यांत आई गेली. तिरडीला खांदा द्यायला कसेबसे दोन ब्राह्मण मिळाले. उरलेले दोघे श्रीनिवास आणि रमा. ती उंचीने सर्वांत लहान, म्हणून आपल्या बाजूचा भार तिने डोक्यावर घेतला आणि स्मशान गाठले. त्यानंतर काही महिन्यांत थोरली बहीणही गेली. रमा तेव्हा सोळा वर्षांची होती.

या दुःखाचे त्या दोन भावंडांनी काय केले? प्रथम त्यांनी तेच केले जे घरात पाहिले होते. उपास, व्रते, पहाटेची थंड स्नाने आणि पुन्हा तीर्थयात्रा. देव कोपला आहे, आपलेच काही चुकले आहे, देहाला अजून शिक्षा केली की सुटका होईल, ही त्यामागची भावना. दोघे हजारो मैल पायी हिंडले. पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत वाळूत खड्डा करून, अंगावर वाळूच ओढून त्यांनी रात्री काढल्या. यातून मनाला शांती लाभली नाही, हे पुढे रमाबाईंनी स्वतःच नमूद केले आहे. श्रीनिवासाची प्रकृती मात्र या उपासमारीने जी खालावली ती कायमचीच.

पण त्या भटकंतीत एक गोष्ट तारक ठरली. दोघे एकमेकांशी बोलत राहिली, आणि आईने दिलेली विद्या रमेने टाकली नाही. 1878 साली ती कलकत्त्याला पोहोचली तेव्हा तिचे संस्कृत ऐकून विद्वान थक्क झाले. पंडिता आणि सरस्वती या पदव्या तिला तेथेच मिळाल्या. ती स्त्रीशिक्षणावर व्याख्याने देऊ लागली. आजवर मुकाट्याने सोसलेले आता बोलण्याचा विषय झाले होते.

दैवाने तरीही पाठ सोडली नाही. 1880 मध्ये श्रीनिवास गेला. माझ्यामागे हिचे कसे होणार, ही एकच चिंता त्याला शेवटपर्यंत होती. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. 1881 मध्ये मनोरमा जन्मली आणि 1882 च्या फेब्रुवारीत पतीला पटकीने नेले. पदरी तान्हे मूल आणि वय तेवीस. या वेळी मात्र त्यांनी स्वतःला शिक्षा करून घेतली नाही. त्याच वर्षी पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि सरकारच्या शिक्षण आयोगापुढे साक्षही दिली.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन निघाले. बालविधवांना तेव्हा शोकाची एकच रीत ठाऊक होती : केशवपन, एकभुक्त आणि घरातला अंधारा कोपरा. ती रीत त्यांच्यावर लादलेली होती. सदनात त्यांच्या हाती पुस्तक आले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे याच धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, त्यावरून पुण्यात मोठे वादंग माजले आणि अनेकांनी सदनाशी संबंध तोडले. तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

1896 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे कळले आणि रमाबाई तिकडे धावल्या. त्या हाडांच्या सापळ्यांत त्यांना बावीस वर्षांपूर्वीची रमाच दिसली असली पाहिजे. शेकडो मुली त्यांनी आणल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यांच्यासाठीच उभे राहिले. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळात तर आणखी हजाराहून अधिक जीव तेथे आले.

1921 मध्ये मनोरमाही गेली आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी देह ठेवला. दुःख त्यांना कधी सोडून गेले नाही. परंतु सोळाव्या वर्षी ज्या दुःखाने त्या स्वतःला उपाशी ठेवीत होत्या, त्याच दुःखातून पुढे त्यांनी हजारोंना जेवू घातले. माझ्या मते त्यांच्या साऱ्या विद्वत्तेहून हे मोठे आहे.

चरित्र वाचून संपल्यावर मी त्या मित्राला त्याच्या वडिलांविषयी विचारले. तो प्रथम गप्प राहिला. मग तासभर बोलला, मध्ये रडलाही. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून त्याचा डबा संपविला.