खजिनदार गोकुळदास पारख

सराफ्याचे नाव घेतले की आपल्या घरांतून पाटल्या, बांगड्या, चांदीची भांडी यांच्या गोष्टी निघतात. जुन्या काळच्या सराफाचा खरा व्यवहार मात्र नाणे, हुंडी आणि कर्ज यांचा असे. एका टांकसाळीचा रुपया दुसऱ्या गावी बट्ट्यावाचून चालत नसे. तो पारखणारा मनुष्य मराठी दप्तरात पोतदार म्हणून ओळखला जाई, तर गुजरातेत पारख किंवा पारीख. हेच आडनाव लावणारे गोकुळदास हे दौलतराव शिंदे महाराजांच्या सरकारचे खजिनदार झाले. मथुरेकडे त्यांना पारखजी म्हणत.

गृहस्थ गुजरातचे, वल्लभ संप्रदायाचे निष्ठावंत वैष्णव. ज्या काळी त्यांनी खजिना सांभाळला तो काळ शिंदेशाहीला ओढगस्तीचा होता. १८०३ च्या युद्धात दिल्ली, आग्रा आणि अंतर्वेदीचा सुपीक मुलूख कंपनीकडे गेला. वसूल आटला, फौज मात्र तशीच राहिली. १८१० मध्ये महाराजांचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी पडला तो कायमचाच, आणि त्या तळाचेच लष्कर शहर झाले. सारा यायचा खरीप आणि रब्बी अशा दोन हंगामांना. शिपायाला पगार मात्र वेळेवर हवा. तो थकला की पलटणी कारभाऱ्यांच्या दाराशी धरणे धरून बसत. अशा वेळी सावकार पुढच्या वसुलावर रक्कम उचलून देई, व्याज लावी, आणि परगण्याचा पैसा परस्पर आपल्याकडे वळवून घेई. सरकारची नड आणि बाजारातला पैसा या दोहोंची नाडी ज्याच्या हाती, त्याची भरभराट ठरलेलीच. पारखजी अपार श्रीमंत झाले ते या वाटेने. त्या श्रीमंतीचा भार शेवटी शिंदेशाहीतल्या रयतेनेच उचलला, हेही विसरू नये.

हा पैसा त्यांनी लष्करात साठवून ठेवला नाही. महादजी महाराजांच्या वेळी मथुरा शिंद्यांकडे होती; १८०३ नंतर ती कंपनीच्या राज्यात गेली. तिथे १८१४ च्या सुमारास पारखजींनी द्वारकाधीशाचे भव्य मंदिर उभारले. भक्ती तर होतीच. पण दरबारची मर्जी फिरली तरी हात लागणार नाही अशा जागी द्रव्य ठेवण्याची व्यापारी दूरदृष्टीही त्यात असावी, असे मला वाटते.

पारखजींना मूलबाळ नव्हते. सख्खा भाऊ एकच, त्याच्याशीही पटत नसे. त्यांचा जीव जडला होता हाताखालच्या मणिराम नावाच्या कारकुनावर. मणिराम जैन, तेव्हा वैष्णव घरात त्याला रीतसर दत्तक घेणे शक्यच नव्हते. पारखजींनी मृत्युपत्र केले आणि सारी दौलत मणिरामच्या नावे लिहून दिली. १८२६ मध्ये ते वारले, आणि दुसऱ्याच वर्षी दौलतराव महाराजही कैलासवासी झाले.

भावाने दावा लावला. भाऊबंद जिवंत असता परक्या माणसाला, तेही परधर्मीयाला, घर जावे हे त्या काळच्या कोणत्या कुटुंबाला रुचले असते? आपल्या वाड्यांतही यावरून वर्षानुवर्षे अबोले चालले आहेत. खटला कित्येक वर्षे चालून अपिलाच्या सर्वांत वरच्या न्यायालयापर्यंत गेला, आणि मृत्युपत्र खरे ठरले. भावाचा राग मला समजतो. पण आम्हा गाण्यातल्या माणसांना पारखजींचे कृत्य फारसे नवलाचे वाटत नाही. हस्सूखाँसाहेबांची तालीम वासुदेवबुवा जोशांना मिळाली, आणि वासुदेवबुवांची बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात गेली ती अशी, रक्ताचे नाते न पाहता. हुंडीची विद्याही तशीच. ती ज्याने पेढीवर बसून उचलली त्याच्याच हाती पेढी टिकते, हे पारखजींनी ओळखले होते.

मणिरामने ती टिकवली. द्वारकाधीशाची सेवाही त्याच्या घराण्याने चालू ठेवली. पुढे ते मंदिर कांकरोलीच्या गोसाव्यांकडे गेले. स्वतःच्या धर्माला स्मरून मणिरामने मथुरेजवळ चौरासी येथे जंबूस्वामींचे जैन मंदिर बांधले. १८३६ मध्ये तो वारला. त्याचा थोरला मुलगा लक्ष्मीचंद मथुरेचा शेठ म्हणून उत्तर हिंदुस्थानात गाजला. १८५७ च्या धामधुमीत मथुरेच्या इंग्रज कलेक्टराने आसरा घेतला तो या शेठांच्याच हवेलीत. धाकटे राधाकृष्ण आणि गोविंददास हे दोघे रंगाचार्य स्वामींच्या उपदेशाने रामानुज संप्रदायाचे वैष्णव झाले. वृंदावनातले रंगजीचे मंदिर त्यांचेच; १८४५ ते १८५१ अशी सहा वर्षे काम चालले आणि खर्च आला ४५ लाख रुपये. वैष्णव पारखजींना धर्मामुळे जे घर दत्तक घेता आले नाही, त्याच घरातले हे दोघे आपण होऊन वैष्णव झाले!

मथुरेत यमुनाबाग म्हणून शेठांची बाग होती. पारखजी आणि मणिराम या दोघांच्या नक्षीदार दगडी छत्र्या त्या एकाच बागेत बांधल्या गेल्या.