चित्रकार उतामारो

आज ज्या नगरीस टोकियो म्हणतात, तिचे पूर्वीचे नाव एदो. तेथे शोगुन म्हणविणाऱ्या सेनाधिपतींची सत्ता होती. याच नगरीत कितागावा उतामारो हा थोर चित्रकार नावारूपास आला. त्याचा जन्म १७५३ च्या सुमाराचा. तोरियामा सेकिएन या चित्रकारापाशी त्याने कलेचे धडे घेतले. पुढे त्सुताया जूझाबुरो या चाणाक्ष प्रकाशकाने त्याचे गुण हेरले. १७८८ साली निघालेल्या कीटकांच्या पुस्तकातील उतामारोची चित्रे पाहून रसिक थक्क झाले.

परंतु त्याची खरी कीर्ती झाली ती स्त्रीचित्रांमुळे. इतर चित्रकार बहुधा संपूर्ण आकृती काढीत. उतामारोने केवळ मुख व खांदे मोठे करून दाखविले. त्याने पातळ कागदावर रेखाटन करावे, कोरणाऱ्याने ते चेरीच्या लाकडी ठशावर कोरावे आणि छापणाऱ्याने प्रत्येक रंगाचा निराळा ठसा उमटवावा, असा हा तिघांचा उद्योग होता.

एदोच्या लोकांना काबुकी नाटकांचे मोठे वेड होते. १६२९ साली स्त्रियांना रंगभूमीवर बंदी झाल्यापासून तेथे स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करीत. स्वामीच्या मृत्यूचा सूड घेणाऱ्या ४७ योद्ध्यांचे ‘चूशिंगुरा’ हे नाटक तर सर्वांच्या परिचयाचे होते. घडलेली हकिकत जशीच्या तशी दाखविणे राज्यकर्त्यांना खपले नसते, म्हणून नाटककारांनी पात्रांची नावे व काळ बदलला होता. उतामारोने त्याहून निराळी गंमत केली. या वीररसाच्या नाटकातील प्रवेश त्याने आपल्या काळातील सुंदर स्त्रियांच्या रूपाने रंगविले. दाखवावयाचे एक व सुचवावयाचे दुसरे, या रीतीस जपानी भाषेत ‘मिताते’ म्हणतात. जाणत्या रसिकाने स्त्रियांची ढब पाहून मूळ प्रवेश ओळखावा आणि मनोमन हसावे! या मालिकेतील एका चित्रात तर उतामारोने स्वतःलाही बसविले आहे.

पुढे मात्र त्याने हा पडदा दूर सारला. १८०४ साली हिदेयोशी या सोळाव्या शतकातील राज्यकर्त्याची चित्रे त्याने नावानिशी काढली. अशा चित्रांना बंदी होती. शासनाने त्याच्या हातांत ५० दिवस बेड्या ठोकल्या. ज्या हातांनी एदोच्या सौंदर्याला रूप दिले, तेच हात जखडले गेले! १८०६ साली त्याचे निधन झाले.

१८६८ साली शोगुनांची सत्ता लयास गेली. ज्या कागदी चित्रांची तिने धास्ती घेतली होती, ती मात्र उरली. उतामारोची चित्रे आज देशोदेशींच्या संग्रहालयांत जिवापाड जपून ठेवलेली आहेत.