लिऑन बाक्स्ट
लिऑन बाक्स्ट (१८६६–१९२४) हे रशियन चित्रकार व रंगभूमीचे वेशभूषाकार होते. सध्याच्या बेलारूसमधील ग्रोद्नो येथे एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांचे मूळ आडनाव रोझेनबर्ग होते.

सर्गेई द्यागिलेव यांच्या 'बॅले रूस' या नृत्यसंस्थेच्या 'क्लिओपात्रा' (१९०९) आणि 'शेहेरजाद' (१९१०) या नृत्यनाट्यांमुळे त्यांना पॅरिसमध्ये कीर्ती लाभली. बॅलेच्या रूढ ताठ झग्याऐवजी त्यांनी सैल रेशमी विजारी, झिरझिरीत वस्त्रे व भडक रंगसंगती योजली. वस्त्र हे शरीराच्या हालचालीबरोबर हलले पाहिजे, या दृष्टीने ते पोशाखाचे चित्र नर्तनाच्या आविर्भावातच रेखाटत. १९११ साली 'गुलाबाचा आत्मा' या नृत्यनाट्यासाठी त्यांनी वास्लाव निजिन्स्की यांच्या अंगालगतच्या पोशाखावर रेशमी पाकळ्या शिवून घेतल्या. पॅरिसमधील स्त्रियांच्या पोशाखांवरही त्यांच्या शैलीचा प्रभाव पडला.

मायदेशात मात्र या कीर्तीचा त्यांना उपयोग झाला नाही. ज्यू असल्यामुळे १९१२ साली त्यांना सेंट पीटर्सबर्ग येथे वास्तव्याची परवानगी नाकारण्यात आली. ज्या शहरात त्यांनी कलेचे शिक्षण घेतले, तेच त्यांना परके झाले. त्यानंतर ते प्रामुख्याने पॅरिसमध्येच राहिले. डिसेंबर १९२४ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.