हेन्री मॉडस्ले

घरांतील शिवणयंत्राचा एखादा स्क्रू हरवला, तर त्याच मापाचा दुसरा बाजारांत मिळतो. ही गोष्ट आपणांस इतकी सहज वाटते कीं तिचा विचारही आपण करीत नाहीं. परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीस अशी स्थिति नव्हती. बहुतेक मळसूत्रें हातानें पाडीत. त्यामुळें एका बोल्टाचा नट दुसऱ्यास बसेल, असा भरंवसा नसे. ही स्थिति ज्यांनीं पालटली, त्यांत हेन्री मॉडस्ले या इंग्रज कारागिराचें नांव अग्रगण्य आहे.

त्याचा जन्म ता. २२ ऑगस्ट १७७१ रोजीं लंडननजीक वुलिच येथें झाला. बाप तेथील सरकारी शस्त्रागारांत नोकरीस होता. घरची स्थिति बेताची असल्यामुळें मुलगाही बाराव्या वर्षीं तेथेंच काडतुसें भरण्याच्या कामास लागला. पुढें त्यास सुतारखान्यांत घेतलें. पण त्याचें लक्ष सारें लोहाराच्या भट्टीकडे. शेवटीं पंधराव्या वर्षीं त्यास तेथें पाठविण्यांत आलें आणि थोडक्याच काळांत कानस व हातोडा चालविण्यांत त्याची ख्याति झाली.

त्या वेळीं लंडनांत जोसेफ ब्रामा यानें एक नवें कुलूप शोधून काढिलें होतें. त्याची रचना उत्तम, परंतु त्याचे भाग इतके नाजूक कीं हातानें करावयास फार वेळ व पैसा लागे. अठरा वर्षांचा मॉडस्ले ब्रामाकडे आला व हे भाग अचूक करणारीं यंत्रेंच त्यानें तयार केलीं. पुढें तो तेथील मुख्य कारागीर झाला. तरी त्याचा पगार आठवड्यास ३० शिलिंग एवढाच होता. लग्न होऊन कुटुंब वाढलें, तेव्हां त्यानें पगारवाढ मागितली. मालकानें ती नाकारली. मॉडस्लेनें नोकरी सोडली आणि १७९७ च्या सुमारास लंडनच्या वेल्स स्ट्रीटवर स्वतःचें छोटें दुकान थाटलें.

याच काळांत त्याचा प्रसिद्ध लेथ सिद्ध झाला. पूर्वीं लेथवर काम करणारे बहुतेक कारागीर हत्यार हातांत धरीत. हात हलला कीं काम बिघडे. मॉडस्लेनें हत्यार सरकत्या बैठकीवर घट्ट बसविलें, ती बैठक एका लांब मुख्य मळसूत्रानें पुढें सरकविली आणि तें मळसूत्र दांत्यांच्या चाकांनीं फिरत्या कामाशीं जोडलें. या कल्पना थोड्याफार अंशानें इतरांसही सुचल्या होत्या. पण त्या एकत्र आणून भक्कम लोखंडी यंत्रांत उतरविण्याचें श्रेय मुख्यतः त्याचें आहे. त्याचा १८०० च्या सुमाराचा असा एक लेथ लंडनच्या सायन्स म्यूझियममध्यें जतन केलेला आहे.

या यंत्राचें मर्म चाकांच्या प्रमाणांत आहे. समजा, मुख्य मळसूत्रास दर इंचास ४ आटे आहेत आणि आपणांस ८ पाडावयाचे आहेत. तर काम दोनदां फिरेल तेव्हां मुख्य मळसूत्र एकदांच फिरलें पाहिजे. म्हणून कामाच्या बाजूस ४० दांत्यांचें व मळसूत्रावर ८० दांत्यांचें चाक लावावें; मधलें चाक केवळ त्यांची गांठ घालून देतें.

परंतु चाकांत दोष असेल, तर तोही तितक्याच इमानानें कामांत उतरतो. आटे बिघडले तर आधीं हत्यारास दोष न देतां चूक किती अंतरानें पुन्हां येते, हें मोजावें. वरील उदाहरणांत ती प्रत्येक आट्यास आली, तर ४० दांत्यांचें चाक पाहावें; एक आड एक आट्यास आली, तर ८० दांत्यांचें. दांत्यांच्या खांचेंत अडकलेला लोखंडाचा बारीक कीसही एवढा अनर्थ करितो. चाकें कोणतींही लाविलीं तरी चूक लांबीच्या एकाच ठिकाणीं येत असेल, तर तेथें मुख्य मळसूत्रच झिजलें असावें. चाकें फार घट्ट बसविलीं तर कर्कश आवाज होतो व दांते झिजतात. फार ढिलीं बसविलीं तर दिशा पालटतांच बैठक क्षणभर हलतच नाहीं. पुढें १८९२ मध्यें अमेरिकेंत वेंडेल नॉर्टन यानें, दांडा सरकवून प्रमाण बदलतां येईल अशा गिअरपेटीचें पेटंट घेतलें. चाकें पेटींत गेलीं, तरी दोष शोधण्याची रीत तीच राहिली.

मॉडस्लेचा सारा कटाक्ष दोषाच्या मुळावर असे. मुख्य मळसूत्रच खोटें असेल तर त्यावरून खरें मळसूत्र निघणार नाहीं, हें जाणून त्यानें तेंच सुधारण्यासाठीं अपार कष्ट घेतले. त्यानें ५ फूट लांबीचें एक मळसूत्र केलें. त्यास दर इंचास ५० आटे होते, आणि त्याच्या एक फूट लांबीच्या नटांत ६०० आटे बसत. कामाची परीक्षा करण्यासाठीं त्यानें इंचाचा दहाहजारावा भाग दाखविणारें मापयंत्रही केलें.

पुढें मार्क ब्रुनेल याच्या योजनेवरून पोर्ट्स्मथच्या गोदीसाठीं जहाजांच्या कप्प्या करणारीं चाळिसांहून अधिक यंत्रें त्यानें घडविलीं. त्यांवर १० साधीं माणसें ११० कुशल कारागिरांचें काम करूं लागलीं. आरमाराची निकड भागली. पण शंभर हातांचें कसब निरुपयोगी झालें, हेंही विसरतां येत नाहीं. यंत्रानें एक कसब मोडलें, तसें दुसरें निर्माण केलें, आणि त्याची शाळा मॉडस्लेचाच कारखाना ठरला. रिचर्ड रॉबर्ट्‌स, जेम्स नॅस्मिथ व जोसेफ व्हिटवर्थ हे तेथेंच तयार झाले. व्हिटवर्थनें १८४१ मध्यें सर्व कारखान्यांसाठीं मळसूत्रांचीं एकसारखीं मापें सुचविलीं व गुरूचें काम पुढें नेलें.

ता. १४ फेब्रुवारी १८३१ रोजीं मॉडस्ले निवर्तला. वुलिच येथें त्याचें दफन झालें. थडग्यावरील स्मारक त्याच्याच कारखान्यांत ओतलेल्या लोखंडाचें होतें.

विद्यार्थिमित्रहो, काडतुसें भरणाऱ्या या मुलास मोठें शिक्षण लाभलें नव्हतें. पण आपलें काम खरें आहे कीं नाहीं, हें स्वतः मोजून पाहिल्याविना तो स्वस्थ बसत नसे. गणित चुकलें असतां शेवटचें उत्तर खोडून भागत नाहीं. चूक कोणत्या पायरीवर शिरली तें शोधावें लागतें. लेथवर तो हेंच करीत असे, आणि त्याचें फळ आज प्रत्येक घरांतील लहानशा स्क्रूंत दिसत आहे.