सदैव सज्ज : वसईचे संत गोन्सालो गार्सिया



दहा कुमारिकांचा दाखला ऐकला की आपल्याला शेवटचा दिवस आठवतो. वर आला, दार बंद झाले आणि ज्यांच्याकडे तेल नव्हते त्या बाहेर राहिल्या. पण तेल भरून ठेवायचे कधी? आपल्याच महाराष्ट्रातील एका संताने हे जगून दाखवले. मंठ्याहून वसई म्हणजे रात्रभराचा प्रवास. म्हणून की काय, आपल्याकडे त्यांचे नाव क्वचितच निघते.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सुमारे १५५७ साली वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई कोकणातली. येशूसंघीय धर्मगुरूंनी त्यांना शिकवले आणि कोवळ्या वयातच ते त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथली भाषा ते उत्तम शिकले. सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षकाचे काम केले. येशूसंघात प्रवेश मिळावा, ही त्यांची मोठी इच्छा होती. तो मिळाला नाही.

येथे आपण जरा थांबू या. आठ वर्षे मनापासून सेवा करून नकार मिळाला, तर आपल्यापैकी किती जण पुढच्या रविवारी मिस्साला येतील? चर्चच्या कार्यक्रमात नाव पुकारले नाही, एवढ्यावरून घरी बसणारे आपण पाहतोच. गोन्सालो रुसून बसले नाहीत. पोटासाठी त्यांनी व्यापार सुरू केला आणि तो भरभराटीलाही आला. उधारी, मालाचा भाव, बाजाराचा दिवस! देवाला विसरायला व्यापाऱ्याकडे कारणांची वाण नसते. आम्हाला तर वाटते, नकारापेक्षा ही भरभराटच मोठी परीक्षा होती. पण त्यांनी मनातली हाक विझू दिली नाही. पुढे मनिला येथे त्यांनी चालता धंदा सोडला आणि फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला. धर्मगुरू म्हणून नव्हे, साधे ब्रदर म्हणून.

१५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांच्याकडे पाठवण्यात आले, तेव्हा सोबत दुभाषी म्हणून ब्रदर गोन्सालो गेले. जी वर्षे वाया गेली असे कोणालाही वाटले असते, त्याच वर्षांत शिकलेली भाषा आता उपयोगी पडली. क्योटो शहरात चर्च उभे राहिले, कुष्ठरोग्यांची सेवा सुरू झाली.

डिसेंबर १५९६ मध्ये हिदेयोशींच्या हुकुमावरून धरपकड झाली. कैद्यांच्या डाव्या कानाची पाळी कापून त्यांची धिंड काढली. मग ऐन हिवाळ्यात, सुमारे महिनाभर, त्यांना नागासाकीपर्यंत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथे २६ जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी ठार केले. त्यांत फ्रान्सिस्कन ६ आणि येशूसंघीय ३. उरलेले १७ जण तुमच्याआमच्यासारखे चर्चमधले साधे लोक. लुई इबाराकी हा तर बारा वर्षांचा मुलगा. गोन्सालो तेव्हा चाळिशीचे होते.

१६२७ साली त्यांना धन्य घोषित केले गेले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद दिले. भारतात जन्मलेले पहिले संत ते हेच. वसईच्या किल्ल्यातील जुन्या येशूसंघीय चर्चला आज त्यांच्याच नावाने ओळखतात. कामानिमित्त मुंबईकडे जाणे झाले, तर एक दिवस काढून तेथे जरूर जाऊन या.