मेंदूतल्या झाडांचा चित्रकार

सांतियागो रामोन ई काहाल यांचा जन्म १८५२ साली स्पेनमध्ये झाला. त्यांना चित्रकार व्हायचे होते. वडिलांनी हट्टाने डॉक्टर केले. कुंचला मात्र सुटला नाही.

१८८७ मध्ये त्यांनी इटलीच्या गोल्जींची चांदीच्या क्षाराने पेशी रंगवण्याची पद्धत पाहिली. तिने रंगवलेल्या मेंदूच्या पेशी आपल्या पांढुर्णा-सौंसरकडच्या संत्र्याच्या झाडांसारख्या फांदोऱ्यांनी भरलेल्या दिसत. मेंदू म्हणजे एकसंध जाळे, असे तेव्हा मानत. प्रत्येक पेशी स्वतंत्र असून फांद्यांवाटे निरोप घेते, असे काहाल यांनी दाखवले. कोणी लक्ष देईना, तेव्हा १८८९ मध्ये काचपट्ट्या घेऊन ते बर्लिनला गेले आणि तज्ज्ञांना पटवून आले. १९०६ चे नोबेल मिळाले, तेही हे न मानणाऱ्या गोल्जींसोबत विभागून. १९३४ मध्ये माद्रिदला ते वारले.

त्यांनी पाहिलेल्या पेशी निर्जीव होत्या. जिवंत मेंदूत तोच निरोप झोपेत एक, जागेपणी दुसरा परिणाम करतो, हे पुढे कळले. बाप्पाच्या आरतीत झांजा दणाणत असताना मांडीवरचे बाळ गाढ झोपते. त्याचे उत्तर या फांद्यांतही दडले आहे.