औंधचे बाळासाहेब आणि सूर्यनमस्कार

सातारा जिल्ह्यातील औंध येथे जाणारा प्रवासी यमाईचे दर्शन घेतो, टेकडीवरील श्रीभवानी संग्रहालयातील चित्रे पाहतो आणि परततो. १९३८ साली हे संग्रहालय उभारणारे संस्थानिक भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांची चित्रकार आणि कलाप्रेमी म्हणून ओळख आहे, व ती रास्तच आहे. त्यांनी स्वतः रामायणाची चित्रे काढली, ते कीर्तन करीत, आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची संशोधित आवृत्ती निघाली तिच्या मुळाशी त्यांनी देऊ केलेले एक लक्ष रुपये होते. परंतु प्रस्तुत लेखात आपल्याला त्यांच्या चित्रांपेक्षा त्यांच्या शरीराचा वृत्तांत पाहावयाचा आहे. कारण हा मनुष्य तरुणपणी चांगलाच लठ्ठ होता.

त्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. धाकटी पाती असल्यामुळे गादी आपल्याकडे येईल अशी खात्री बाळगण्याचे कारण नव्हते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते पदवीधर झाले. संस्थानिकांच्या घरच्या पंगती, हाताशी नोकरचाकर आणि बसून करावयाचा विद्याभ्यास यांचा एकत्रित परिणाम काय होतो हे सांगावयास वैद्य नको. वसतिगृहाच्या खाणावळीत जेवूनही तो साधणारे विद्यार्थी आपल्या पाहण्यात आहेतच!

वयाच्या तिशीच्या सुमारास त्यांनी हा देह उतरविण्याचे मनावर घेतले. त्या वेळी साऱ्या जगात यूजेन सँडो या प्रशियन पहिलवानाचे नाव गाजत होते. सँडो वयाने बाळासाहेबांहून सुमारे दीड वर्षाने मोठा. त्याचे डंबेल्स, ताणावयाच्या रबरी दोऱ्या, त्याची पुस्तके ही सारी सामग्री पैसे मोजले की घरपोच मिळे. बाळासाहेबांनी १८९७ साली ती मागविली आणि एक नाही, दोन नाही, सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. पुढे त्यांनी सँडो सोडला म्हणून ही दहा वर्षे वाया गेली असे मानण्याचे कारण नाही. रोज ठराविक वेळी अंगाला घाम आणण्याची सवय त्यांना याच काळात जडली, आणि आमच्या मते खरी कमाई तीच.

बदल घडला तो १९०८ मध्ये. मिरजेचे संस्थानिक गंगाधरराव पटवर्धन (योगायोग असा की तेही बाळासाहेबच) यांच्या आग्रहावरून त्यांनी सूर्यनमस्कार घालावयास सुरुवात केली. नमस्कार महाराष्ट्राला नवे नव्हते. समर्थांच्या परंपरेत, तालमींत आणि घरोघरच्या उपासनेत ते चालत आलेले होते. बाळासाहेबांनी त्यांना दहा स्थितींचे निश्चित रूप दिले, श्वास आणि मंत्र यांची सांगड घातली, आणि स्वतः ते दररोज शेकड्यांनी घालू लागले. पुढच्याच वर्षी, १९०९ साली, ते औंधच्या गादीवर आले.

या व्यायामाला सामान काय लागते? आपल्या उंचीएवढी जमीन. उभे राहून हात जोडावयाचे, मग गुडघे न वाकविता तळहात पायांशेजारी टेकावयाचे. सुटलेल्या पोटाच्या माणसाची पहिली परीक्षा येथेच होते, कारण वाकताना मध्ये पोट येते. मग एक पाय मागे, दुसरा पाय मागे, सर्व भार हातांवर आणि चवड्यांवर. नंतर साष्टांग, ज्यात कपाळ, छाती, तळहात, गुडघे आणि चवडे टेकतात, पोट मात्र जमिनीला लागू द्यावयाचे नसते. पुढे छाती उचलून मान मागे, मग कंबर वर, आणि त्याच वाटेने परत उभे. सँडोच्या पद्धतीत एकेका स्नायूचा निराळा हिशेब असे. येथे मांड्या, पाठ, खांदे हे मोठमोठे स्नायू एकाच फेरीत राबतात, आणि उचलावयाचे वजन म्हणजे आपलाच देह. जो जितका जड, त्याला नमस्कार तितकाच जड!

चरबीचे शास्त्र आज आपल्याला अधिक स्पष्ट ठाऊक आहे. शरीरातील एक किलो चरबीत सुमारे सात ते आठ हजार किलोकॅलरी उष्णता साठलेली असते. खाल्ल्यापेक्षा खर्च अधिक झाला तरच ती वापरली जाते, आणि ती कोठून उतरेल हे आपल्या हाती नसते. केवळ पोटाचे व्यायाम करून केवळ पोट जात नाही. दहा-वीस नमस्कारांनी अंग मोकळे होईल, चरबी फारशी ढळणार नाही. शंभर-दोनशे, तेही न थांबता, महिनोन् महिने घातले आणि ताटाकडे लक्ष ठेवले, तरच हिशेब जमू लागतो. बाळासाहेबांनी तो चिकाटीने जमविला. मात्र नमस्कारांनी तऱ्हेतऱ्हेचे रोग बरे होतात असे जे दावे त्यांनी केले, ते आज जसेच्या तसे स्वीकारता येणार नाहीत. ज्याला गुण आला तो मनुष्य थोडे अधिक बोलतो.

स्वतःपुरते करून ते थांबले नाहीत. राणीसाहेब आणि मुलेबाळे नमस्कार घालू लागली. स्त्रियांनीही व्यायाम केला पाहिजे हे त्या काळी धाडसाचे मत त्यांनी हिरीरीने मांडले. पुस्तके लिहिली. १९३६ साली ते इंग्लंडला गेले तेव्हा त्यांचे वय अडुसष्टाच्या घरात होते. त्यांचा तजेला पाहून लुईझ मॉर्गन ही पत्रकार थक्क झाली, आणि तिच्या साहाय्याने १९३८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. इकडे बंगळूरमध्ये के. व्ही. अय्यर यांनीही १९३७ साली सूर्यनमस्कारांवर पुस्तक काढले. आमच्या कन्नड विभागाच्या वाचकांना ते 'शांतला' कादंबरीचे लेखक म्हणून ठाऊक असतील.

थट्टाही पुष्कळ झाली. १९३३ साली आचार्य अत्र्यांचे 'साष्टांग नमस्कार' रंगभूमीवर आले. त्यातील नमस्कारांचे वेड लागलेले रावबहादूर पाहून प्रेक्षकांना औंधची आठवण होणे स्वाभाविक होते.

थट्टेपेक्षा गंभीर प्रश्न सक्तीचा. बाळासाहेबांनी संस्थानातील शाळांत नमस्कार आवश्यक केले. पोरांची शरीरे सुधारावीत हा हेतू निर्मळ होता यात शंका नाही. पण स्वतः त्यांच्यावर सक्ती कोणी केली होती? सँडो त्यांनी आपण होऊन घेतला, आपण होऊन सोडला. मिरजकरांनी सांगितले ते पटले म्हणून स्वीकारले. हे स्वातंत्र्य औंधच्या विद्यार्थ्याला नव्हते. शिवाय मंत्रांसह सूर्याला नमस्कार हा व्यायाम की उपासना, ही शंका कोणा घरी निघाली तर तिला हुकूम हे उत्तर होत नाही. येथे राजेसाहेबांचे चुकले असे आम्हांला वाटते.

आणि तरीही, हुकमाचा अधिकार आपण होऊन सोडणारे संस्थानिकही हेच. चिरंजीव आप्पासाहेब पंत, बंगळूरच्या कारखान्यातील नोकरी करून आलेले पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन आणि गांधीजी यांच्या सल्ल्याने जानेवारी १९३९ मध्ये त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या प्रतिनिधींकडे सोपविला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहतही त्याच सुमारास निघाली. शांतारामबापूंचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' तिच्यावरूनच सुचला. बेळगावकरांचा तर औंधशी जुना ऋणानुबंध आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना आपला कारखाना येथून हलवावा लागला तेव्हा १९१० साली कुंडलच्या माळावर त्यांना जागा दिली ती बाळासाहेबांनी.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थानच उरले नाही तेव्हा शाळांतील सक्तीलाही आधार उरला नाही. ज्यांना नमस्कार घालावयाचे होते ते घालीत राहिले. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, बाळासाहेबांचे निधन झाले.